किरकोळ सुधारणा

ऊस तुटून गेला की रान एकदम भुंडं दिसतं. बारा-चौदा महिने ज्या उसानं पलीकडचा रस्ता दिसू दिलेला नसतो, तो गेला की रस्ता दिसतो, रस्त्यावरचा माणूस दिसतो आणि त्या माणसामागं लांबवर धूळ उठली असली तर तीही दिसते. आमच्या वरच्या पट्टीतला ऊस गेल्या आठवड्यात गेला. खोडवा, म्हणजे तुटल्या खोडातनं परत फुटणारा ऊस, यंदा मोडायचा ठरवलाय, म्हणून पाचट सारून रान मोकळं ठेवलंय. कडेगावाबाहेर, त्या रानाच्या कडेलाच माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान. परवा दुपारी दारात बसून एका पाणबुडी मोटरचं जळकं वायंडिंग, तिच्या पोटातली गुंडाळलेली तार, कापत होतो, तेव्हा मायणीच्या अंगाला धूळ दिसली आणि जरा वेळानं वास आला. लोकरीचा, लेंड्यांचा, दमट घोंगड्याचा. पक्कड हातात तशीच राहिली.

"आवं, मेंढरं आली," आतून सुमन म्हणाली. सुमन माझी बायको. मग म्हणाली, "तुमचं दुखणं आलं."

तिचं बोलणं असं तिरकं असतं, पण खोटं नसतं. लोकांना हंगाम म्हणजे कारखान्याचा भोंगा, रस्त्यानं डुलत जाणाऱ्या ट्रॉल्या, सगळ्या हवेत मळीचा आंबूस वास. मलाही पूर्वी तेवढाच हंगाम माहीत होता. आता तो वास आला की आधी माझा हात कपाटाकडं जातो. कपाटात जुन्या बेअरिंगांच्या डब्यामागं एक हातात मावणारं काळं मशीन आहे, गाणी ऐकायचं. ते चार्जिंगला लावतो. पडदा उजळतो आणि पहिल्यांदा एकच निरोप दाखवतो, की नवा प्रोग्राम आलाय, टाकू का? मी ‘नंतर’ दाबतो. हा निरोप आणि हे ‘नंतर’ कितीतरी वेळा झालंय. माझ्यासारखा चिडका माणूस एवढ्या शांतपणे दुसरं काहीही करत नाही.

माण तालुक्यात, दहिवडीच्या पलीकडं एका वाडीत बिरूचं घर आहे. दिवाळी झाली की तिकडं गवताची काडी उरत नाही, म्हणून त्याच्या घरची मेंढरं आमच्या बाजूला येतात, ती माझ्या वडलांच्या वेळेपासून. मोकळ्या रानात वाघर लावायची, म्हणजे जाळीचं कुंपण घालायचं, आणि त्यात मेंढरं बसवायची. रानाला खत मिळतं, त्यांना दाणागोटा मिळतो, आणि मला बिरू मिळायचा. आम्ही एका वयाचे. आमची दोस्ती वर्षातनं पंधरा-वीस दिवसांची, पण बाकीचं वर्ष तिच्यावर निघायचं.

बिरूचे वडील म्हणजे आबा. वाळलेलं अंग, डोक्याला लाल मुंडासं, आणि वाघरीपाशी बसून ओव्या म्हणायला लागले की आवाज असा वर चढायचा की बांधावरची माणसं हातातलं काम सोडून बघायची. शब्द सगळे समजायचे नाहीत. त्यांच्या वाडीच्या बोलीतले, देवाच्या नावांचे, मेंढरांच्या रंगांचे. बिरूला सगळे समजायचे. पण बिरू एकोणिसाव्या वर्षी फौजेत गेला, तोफखान्यात, आणि त्यानंतर आबांचं गाणं त्यानं धडपणे ऐकलंच नाही. सुट्टी कधी हंगामात मिळाली नाही. हवालदार होऊन पेन्शनीवर आला तेव्हा आबांची छाती कफानं भरलेली, गाणं बंद झालेलं. तीन महिन्यांत गेले. आणि तोफांनी बिरूचे कान निम्मे नेलेले. माणूस बोललेला कळायचा, पण शब्दांच्या कडा गळून.

मी आबांचं गाणं एकदाच टिपलं होतं, बिरू सरहद्दीवर असताना. छोटा रेकॉर्डर नवा घेतला होता, त्याची हौस फेडायची होती. वाघरीच्या खुंट्याला अडकवला आणि म्हणालो, "आबा, म्हणा."

"ह्ये काय हाय?" आबांनी विचारलं.

"ह्यात आवाज राहतोय. बिरूला ऐकवता येतोय."

आबांनी मान हलवली आणि डोळे मिटून सुरुवात केली. तेवढ्यात दुकानावर गिऱ्हाईक आलं म्हणून मी उठून गेलो. परत आलो तेव्हा आबा गप्प बसले होते. मी बटण बंद केलं. अकरा मिनिटं भरली होती, त्यातली दहा गाण्याची. ती दहा मिनिटं मी पुढं कितीदा तरी ऐकली. गाणं संपल्यानंतरच्या एका मिनिटात काय आहे हे बघायची मला कधी गरज वाटली नाही. असल्या गोष्टीत मी फार घाईचा माणूस आहे.

बिरू परत आल्यावर त्याला ते मोबाइलवर ऐकवलं. त्यानं मोबाइल कानाला गच्च दाबला आणि म्हणाला, "माशी गुणगुणल्यावानी येतंय गड्या. आबा हायेत एवढं कळतंय. म्हणत्यात काय ते कळंना." मिरजेच्या डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं. त्यानं बोलणं सुधारलं, पण गाणं त्यातनं पत्र्यावर खडे टाकल्यासारखं यायचं. बिरूनं ते डबीत घालून ठेवलं, आणि त्या विषयावर बोलणं सोडलं.

आता मला लहानपणापासून आवाजाच्या मशिनींचा नाद. दुकानात एक जुना, भला मोठा हेडफोन पडून होता, कुठल्याशा मोडीत काढलेल्या स्टुडिओतला. कान पूर्ण झाकणारा, आवाज स्वच्छ, पण ओढायला जड. साध्या मशिनीनं तो हलतसुद्धा नाही. इंटरनेटवर शोधता शोधता मला ह्या काळ्या मशीनचा पत्ता लागला. त्याची गंमत अशी, की त्याचा खालचा अर्धा भाग सुटा होतो. दोन बारके स्क्रू काढले की ॲम्पचा तुकडा हातात येतो. ॲम्प म्हणजे आवाजाला जोर देणारा भाग. मशीनबरोबर एक साधा तुकडा येतो, आणि जड हेडफोनसाठी ताकदीचा तुकडा वेगळा मिळतो. पाहिजे तो लावायचा.

दोन्ही एकट्यानं घेतलं असतं तर माझ्या घरात महाभारत झालं असतं, त्याच्याही झालं असतं. तेव्हा बिरूच म्हणाला, "पैरा करू की." पैरा म्हणजे ज्यांच्याकडं एकेकच बैल आहे अशा दोघांनी बैल जुळवून दोघांची रानं नांगरायची. आमच्याकडं ट्रॅक्टर आल्यावर पैरा गेला, पण शब्द आहे. मशीन मी घेतलं, ताकदीचा तुकडा त्यानं. आणि पैऱ्यात असतं तसंच ठरलं, हंगाम संपला की ज्याचा बैल त्याच्या दावणीला. मशीन माझ्या कपाटात, तुकडा त्याच्याकडं माणात, फौजेतल्या जुन्या लोकरी मोज्यात गुंडाळून. जगात ते मशीन वापरणारे हजारो असतील, पण त्याचं वरचं अंग एका तालुक्यात आणि खालचं दुसऱ्या जिल्ह्यात ठेवणारे आम्ही दोघंच.

पहिल्यांदा जोडलं तो दिवस मला स्वच्छ आठवतो. सकाळचं कोवळं ऊन, बांधावरच्या लिंबाखाली घोंगडं टाकलेलं. बिरूनं हेडफोन घातला. मी आवाजाचे बारीक सूर वरखाली करत होतो, वरचे जास्त, खालचे कमी. एका जागी त्याचा हात माझ्या मनगटावर आला.

"थांब. हलवू नगंस." मग बऱ्याच वेळानं, "शब्द आलं."

दहा मिनिटं तो हलला नाही. गाणं संपलं म्हणून मी बंद करायला गेलो, तर त्यानं हात धरून ठेवला. आणि मग मोठ्यानं म्हणाला, "आलं आबा. आलं." त्याच्या गालावरनं पाणी चाललेलं आणि तोंडभर हसू. मला काही समजेना. मग त्यानं हेडफोन माझ्या कानाला लावला आणि मी पहिल्यांदाच ते शेवटचं मिनिट ऐकलं. गाणं संपतं. आबा खोकतात. लांबवर कुत्रं भुंकतं. मग आबा अगदी जवळ येऊन, रेकॉर्डरलाच विचारल्यासारखं म्हणतात, "झालं. आता ह्ये बिऱ्यापतूर जाईल न्हवं?"

त्या हंगामात रोज ते चाललं. मेंढरं चरायला लागली की बिरू लिंबाखाली यायचा, मशीन जोडायचं, दहा मिनिटं गाणं, मग तो प्रश्न, आणि प्रश्नाला उत्तर, "आलं आबा, आलं." सुमन चहा घेऊन यायची ती उत्तर झाल्यावरच. हंगाम संपला तेव्हा त्यानं तुकडा मोज्यात घातला आणि मेंढरं घेऊन गेला.

ज्या हंगामाची गोष्ट मला खरं म्हणजे सांगायची नाही, तो त्याच्या पुढचा.

दसरा झाला होता. मी हंगामाच्या आधी सगळ्याची डागडुजी करतो. पंपाला ग्रीस, फ्यूज बदलणं, वायरी तपासणं. त्याच झटक्यात मशीन काढलं. पडद्यावर निरोप होता, की नवं फर्मवेअर आलंय. फर्मवेअर म्हणजे मशीनच्या पोटातला त्याचा स्वतःचा प्रोग्राम. काय बदललंय त्याची यादी होती, आणि शेवटची ओळ, ‘किरकोळ सुधारणा’. मी म्हटलं, बिरू येतोय, त्याच्या आधी मशीन ठाकठीक असावं. तुकडा तिकडं माणात. मी साधा तुकडा लावून ते नवं फर्मवेअर टाकून घेतलं. यादीच्या वर एक बारीक सूचना होती, ती मी वाचली नाही. वायंडिंगचा एक फेरा चुकला तर सगळी मोटर उलगडणारा मी माणूस, पण सूचना वाचायला मला वेळ नव्हता.

बिरू आला. ऊन तेच, लिंब तोच. मोज्यातनं तुकडा निघाला. मी स्क्रू आवळले. पडदा उजळला आणि त्यावर आलं, की हा भाग ओळखता येत नाही.

काढला, पुसला, लावला. तेच. परत. तेच. बिरू हेडफोन घालून बसला होता, हात दोन्ही कानांवर, आबांची वाट बघत. मी त्याच्या चेहऱ्याकडं बघायचं टाळलं.

दुपारपर्यंत मला कळलं मी काय केलंय. साध्या तुकड्याला डोकं नसतं, तो कशावरही चालतो. ताकदीच्या तुकड्याला मात्र पोटात स्वतःचा छोटा प्रोग्राम असतो, आणि मशीनचा नि त्याचा प्रोग्राम एकमेकांना धरून असावा लागतो. म्हणून नवीन टाकताना तो तुकडा मशीनला लावलेला पाहिजे, म्हणजे दोघांचंही एकदमच बदलतं. हीच ती बारीक सूचना. आता मशीन पुढं गेलेलं आणि तुकडा मागं राहिलेला. ओळखतच नाही म्हटल्यावर त्याला पुढं तरी आणणार कसं? आणि मशीनला मागंही नेता येईना, कंपनीनं ती वाट बंद करून टाकलेली. कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, की हा तुकडा आता बनत नाही, आपल्या संयमाबद्दल आभार. संयम. माझ्याकडं तो कधी बघितलाय ह्यांनी?

माझ्या दुकानात चाळीस वर्षांच्या मोटरी येतात. जळलेल्या, गंजलेल्या, उंदरांनी कुरतडलेल्या. तार नवी घालतो, बेअरिंग दुसऱ्याच मोटरचं बसवतो, आणि ती फिरते. तिनं आजवर कधी म्हटलं नाही, की हे बेअरिंग कोण आहे, मी ह्याला ओळखत नाही. ह्या मशीनमध्ये काहीही मोडलेलं नव्हतं. दोन्ही भाग चांगले, वीज चांगली, आबा आत तसेच्या तसे. तरीही मध्ये दार लागलेलं, आणि कडी मी लावलेली. चांगल्या चालत्या गोष्टीला सुधारायला गेलेला हात फार वाईट, हे मला तेव्हापासून वाटतं. मोडणाऱ्याला निदान आपण मोडतोय हे ठाऊक असतं.

बिरूला मी ओरडून ओरडून सगळं सांगितलं. त्यानं ओठांकडं बघत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बैल तुजा हाय. पत्री मारायची तर मार. पर पैऱ्यात सांगायचं आसतंय, गड्या."

एवढंच. बैलाच्या खुराला पत्री मारायची असली तरी पैरेकऱ्याला आधी सांगायचं, कारण लंगडला तर दोघांचं रान पडतं. हे माझ्या वडलांनी मला शिकवलेलं. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मग दिवस वाईट गेले. साध्या तुकड्यावर, साध्या हेडफोनवर, जमेल ते सगळं करून बघितलं. नुसती गुणगुण. रोज तो लिंबाखाली यायचा, रोज मी काहीतरी नवीन जोडायचो, रोज तो मान हलवायचा. ट्रॉल्या जात राहिल्या, भोंगा वाजत राहिला. एका सकाळी तो मिरजेला डॉक्टरांकडं जाऊन आला आणि सुमननं विचारल्यावर म्हणाला, "डावा गेलाच म्हणं वैनी. उजवा बी ऱ्हायाचा न्हाई लय दिस. उन्हाळ्यापतूर बघा म्हणालं."

म्हणजे मशीन केव्हातरी सुधारून भागणार नव्हतं. उन्हाळ्याच्या आत सुधारायला पाहिजे होतं.

त्यानंतर तीन-चार दिवसांची गोष्ट. मी दुकानात स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्या तुकड्याशी झगडत होतो. बिरू दारात येऊन उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "ऱ्हाऊ दे आता. तुकडा दे माजा. उगं ह्ये बी मोडशील." त्याचा तुकडा, त्यानं मागितला, चूक काय होतं त्यात? पण माझं डोकं फिरलं. मी मान खाली घालूनच म्हणालो, "मशीन माझं हाय, मी काय वाट्टंल ते करीन. तुझं कान गेलं त्यात माझा काय दोष?"

"काय म्हणलास?" बिरूनं विचारलं.

माझं तोंड त्याला दिसलं नव्हतं. त्याला ऐकू गेलं नव्हतं. मी म्हणालो, "काय न्हाई." त्या क्षणी मला त्याच्या बहिरेपणाचे उपकार वाटले, आणि लगेच अशी लाज वाटली की तोंड वर करता येईना. सुमन आतल्या दारात उभी होती. तिला ऐकू गेलं होतं.

संध्याकाळी भाकरी वाढताना ती म्हणाली, "त्या डबीपायी माणूस घालवताय तुमी." मी भाकरी मोडली. "सरळ जावा आन् सांगा, मी असं असं म्हणलो म्हणून." मी गेलो नाही. अजूनही गेलेलो नाही.

ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच मेंढरं पुढच्या रानात हलली. बिरूनं त्याचं कारण सांगितलं, गवत. तुकडा मात्र तो मागं ठेवून गेला, दुकानाच्या खिडकीत, मोज्यासकट. एवढं चिडक्या माणसाला पुरलं. मी उठलो.

ह्या मशीनच्या वेड्यांचा इंटरनेटवर एक गट आहे. तिथं मी मराठीत, मोडक्या इंग्रजीत, सगळं लिहिलं, की जुन्याच फर्मवेअरवर असलेलं असं मशीन कुणाकडं आहे का. त्याला माझा तुकडा लावायचा आणि दोघांना एकदमच पुढं आणायचं, ही एकच वाट उरली होती. बऱ्याच जणांनी सांगितलं, आम्ही केव्हाच नवं टाकलं. बऱ्याच आठवड्यांनी एक उत्तर आलं आणि तेही लांबचं नाही, सांगलीचं. गाणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या.

महाशिवरात्र होऊन गेली होती. विटा, तासगाव करत मोटरसायकलवर सांगलीला गेलो, तुकडा शर्टच्या आतल्या खिशात, माझं मशीन आणि हेडफोन पिशवीत. बाईंच्या घरात तंबोरे भिंतीला टेकलेले आणि शिकवणी नुकतीच संपलेली. त्यांनी मशीन समोर ठेवलं. अगदी जुनं फर्मवेअर, घेतलं तेव्हाचं.

"मी ह्याला कधी इंटरनेट दाखवलंच नाही," बाई म्हणाल्या. "जे चालतंय त्याला मी हात लावत नाही. तुमच्यासाठी लावायचा का, हा प्रश्न आहे."

मी त्यांना सगळं सांगितलं. सगळं म्हणजे पैरा, दसऱ्याची डागडुजी, न वाचलेली सूचना, बिरूचे कान. जे दुकानात म्हणालो ते सोडून. मग आबांचं गाणं ऐकवलं, शेवटच्या प्रश्नापर्यंत. बाईंनी आपलं मशीन उचलून उलटंपालटं करून बघितलं.

"मित्राला न विचारता त्याचं केलंत, आणि आता माझं करायच्या आधी मला विचारताय," त्या म्हणाल्या. "शिकलात म्हणायचं." आणि मशीन माझ्याकडं सरकवलं.

मी त्यांच्या मशीनला आमचा तुकडा लावून स्क्रू आवळले. प्रोग्राम चढायला पाचेक मिनिटं लागली असतील. बाई बाजूला उभ्या राहिल्या होत्या, हाताची घडी घालून, आपल्या चालत्या मशीनचं काय होतंय ते बघत. दोन्ही उठली. त्यांचं चाललं, तुकडाही ओळखला गेला. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर त्या मागं सरकल्या आणि म्हणाल्या, "ते राहू दे. तुम्ही आधी तिकडं जा."

मेंढरं तोवर माणाकडं परतायला लागली होती. मायणीच्या पुढं एका बाभळीखाली बिरू सापडला. माझी मोटरसायकल बघून उठला, हसला, जवळ घेतलं. मी ओरडून काही सांगत बसलो नाही. मशीन काढलं, तुकडा लावला, हेडफोन त्याच्या डोक्यावर घातला. पडद्यावर ते चाक फिरायला लागलं, भाग तपासतोय म्हणून. मी चाकाकडं बघत होतो.

बिरूनं डोळे मिटले. दोन्ही हात कानांवर ठेवले. थोडा वेळ तसाच राहिला आणि मग मोठ्यानं, अगदी पहिल्यासारखं म्हणाला, "आलं आबा. आलं."

चाक अजून फिरत होतं. मी गाणं चालू केलेलंच नव्हतं.

मग चाक थांबलं. भाग ओळखला, असं पडद्यावर आलं. मी आवाज पूर्ण वर केला आणि चालू केलं. हातभर अंतरावर बसून मला आबा ऐकू येत होते, हेडफोनच्या कडेतनं गळत. बिरू तोवर हेडफोन डोक्यावरनं काढत होता. मुंडाशाच्या शेवानं त्यानं त्याच्या गाद्या पुसल्या, माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "झालं बग तुजं काम. लय वनवन केलीस माज्यापायी. आता निवांत ऱ्हा."

मी मान हलवली. आणखी काय करणार होतो? त्यानं मला सोडवलं होतं, आणि सोडवून घेतल्याशिवाय मला गत्यंतर नव्हतं. घरी येऊन सुमनला म्हणालो, झालं काम. तिनं माझ्याकडं बघितलं आणि ताट वाढायला घेतलं.

तेव्हापासून दर हंगामाला हे होतं. तो मोज्यातनं तुकडा काढतो, मी कपाटातनं मशीन. आधी मी चालू करतो, मगच त्याला हेडफोन देतो, निदान तेवढं तरी खरं असावं म्हणून. कधीकधी वाटतं त्याला खरंच काहीतरी पोचत असेल, कवटीतनं, हाडातनं, आठवणीतनं. त्याच्याशी बोलायला आता एक पाटी ठेवलीय; कधीकधी वाटतं आज तिच्यावर लिहून विचारावं, गड्या, खरं सांग. आणि त्याच पाटीवर दुकानातलं ते वाक्यही लिहावं. पण पाटी हातात घेतली की तो अशा काही मायेनं बघतो की मी तिच्यावर ‘चहा घेणार का’ एवढंच लिहितो.

आज सकाळी लिंबाखाली बसलो. यंदा मेंढरं कमी आहेत, बिरूच्या मिशा पूर्ण पांढऱ्या झाल्यात. निरोप आला, नवा प्रोग्राम टाकू का म्हणून. मी पडदा त्याच्यापुढं धरला, पाटीवर लिहिलं, ‘टाकू का?’ त्यानं वाचलं आणि हसला. "मला इचारतोस व्हय? टाक की." मी ‘नंतर’ दाबलं आणि आबांना चालू केलं. बिरू डोळे मिटून बसला. चौथ्या मिनिटाला, आबा अजून गाण्याच्या मध्यात असताना, म्हणाला, "आलं आबा, आलं." हेडफोन काढून माझ्या हातात दिला, गुडघ्यावर हात टेकून उठला आणि वाघरीकडं गेला.

मी बंद केलं नाही. हेडफोन हातात धरून पुढची सात मिनिटं बसून राहिलो. आबांचा आवाज वर चढला, उतरला, गाणं संपलं. आबा खोकले. कुत्रं भुंकलं. मग माझ्या ओंजळीतनं त्यांनी विचारलं, "झालं. आता ह्ये बिऱ्यापतूर जाईल न्हवं?"

बिरू दहा पावलांवर, माझ्याकडं पाठ करून, वाघरीचा खुंटा ठोकत होता.